हजार केव्ही की बावीसशे? फोमच्या विमानासाठी स्वस्त मोटर निवडताना

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्यानं विचारलंय ते थोडक्यात असं: "काका, बायोफोमचं ट्रेनर विमान केलंय. पंख एक मीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद. सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हर धरून ४३० ग्रॅम भरतंय. मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मिळून हजार रुपयांत बसवायचंय. ए२२१२ मोटर १०००, १४०० आणि २२०० केव्हीमध्ये मिळते आणि तिन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे. मग २२०० घेतली तर ताकद जास्त मिळेल ना? आणि ओळखीच्या एकाकडं ७७५ मोटर पडून आहे, ती फुकटात मिळतेय. ती चालेल का?"

आधी उत्तर सांगून टाकतो. १००० केव्हीची घे, तिच्यावर १३टी, म्हणजे १३ वेढे, असं लिहिलेलं असतं. सोबत ३० अँपिअरचा ईएससी आणि सुरुवातीला ९ इंची प्रॉप, म्हणजे प्रोपेलर. हजारात बसेल. २२०० केव्ही तुझ्या विमानाला चालणार नाही आणि ७७५ तर नकोच. आता कारणं सांगतो, कारण ती कळली तर पुढचं विमान करताना तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

माझं काम मोटर रिवाइंडिंगचं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या यंत्रमागांच्या मोटरी, शेतातले पंप, उद्यमबागेतल्या शेडमधून येणाऱ्या मोटरी, हे सगळं भरून देत आलोय. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कन्नड बोलणारे होते आणि जळालेली मोटर टेबलावर आली की एकच वाक्य म्हणायचे, "मोदलु लोड नोडु." म्हणजे पहिल्यांदा लोड बघ. मोटर का जळाली याचं उत्तर शंभरातल्या नव्वद वेळा मोटरीत नसतं, ते तिच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असतं. विमानाचंही तेच आहे. शाफ्टला कुठला प्रॉप लागणार ते आधी ठरव. त्याला साजेशी मोटर मग आपोआप समोर येते, आणि ती बहुतेक वेळा स्वस्तातलीच असते.

केव्ही म्हणजे ताकद, हा समज बऱ्याच मुलांचा असतो. केव्ही म्हणजे प्रॉप न लावता मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा. ३ सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, ११.१ व्होल्टची धरली तर १००० केव्हीची मोटर रिकामी ११,१०० फेरे मारेल आणि २२०० ची चोवीस हजारांच्या वर. पण तिन्ही मोटरींचा सांगाडा एकच आहे. २२ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर उंचीचा स्टेटर (आतला न फिरणारा भाग), म्हणून नाव २२१२. बारा दात, बाहेरच्या कपात चौदा चुंबकं, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. फरक फक्त वेढ्यांचा. १००० केव्हीला दातावर १३ वेढे, १४०० ला १० आणि २२०० ला ६. गुणाकार करून बघ: तेरा हजार, चौदा हजार, तेरा हजार दोनशे. जवळपास एकच आकडा येतो. वेढे कमी केले की वेग वाढतो, पण तेवढ्याच प्रमाणात प्रत्येक अँपिअरमागचा पीळ, म्हणजे टॉर्क, कमी होतो. तेवढंच लोखंड, तेवढीच जागा तांब्याला. जास्तीची ताकद येणार कुठून?

मागाची मोटर आणि ही मोटर, दोन्ही थ्री-फेजच. मागाच्या मोटरीला लाइनचे ५० हर्ट्झ ठरलेले, म्हणून चार पोलची असेल तर ती १४४० च्या आसपासच फिरणार. इथं बॅटरीच्या डीसीपासून तीन फेज तयार करायचं काम ईएससी करतो आणि फ्रिक्वेन्सीही तोच बदलतो. चौदा चुंबकं म्हणजे सात जोड्या. मोटर साडेसात हजारानं फिरत असेल तर सेकंदाला १२५ फेरे, म्हणजे ईएससी तिला ८७५ हर्ट्झ देत असतो. आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, अगदी मागाच्या मोटरीसारखीच. त्यामुळं पहिल्यांदा उलटी फिरली तर घाबरायचं कारण नाही.

आता लोड. प्रॉपला लागणारी ताकद फेऱ्यांच्या तिसऱ्या घातानं वाढते. फेरे दुप्पट तर ताकद आठपट. व्यासाचा हिशेब त्याहून कडक: पिच (एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर) तेवढाच ठेवून त्याच फेऱ्यांना ९ इंचीचा १० इंची प्रॉप केला तर ताकद दीडपट लागते, ६ इंचीच्या जागी १० इंची लावला तर साडेसातपट. आणि मोटर कधी "मला झेपत नाही" म्हणून थांबत नाही. ती आपल्या ठरलेल्या फेऱ्यांच्या मागं धावते आणि त्यासाठी लागेल तेवढा करंट ओढत राहते. २२०० केव्हीला १० इंची प्रॉप लावून पूर्ण थ्रॉटल दिलास तर काही सेकंदांत वार्निशचा वास येईल. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. कप काढून बघितलं तर सोनेरी दिसणारं वायंडिंग काळं-तपकिरी झालेलं असतं, आणि नखानं खरवडलं की इनॅमल पापुद्र्यासारखं सुटून येतं.

२२०० केव्ही वाईट आहे असं नाही. ६ इंची प्रॉप, चारशे-पाचशे ग्रॅमचं फ्लाइंग विंग (शेपटी नसलेलं, नुसत्या पंखाचं विमान), हातानं फेकून सोडायचं, वेगानं पळवायचं, तिथं ती शोभते. पण छोटा प्रॉप थोडीच हवा जोरात मागं ढकलतो आणि मोठा प्रॉप पुष्कळ हवा सावकाश ढकलतो. संथ उडणाऱ्या विमानाला दुसरंच जास्त उपयोगाचं, कारण तेवढ्याच वॉटमध्ये जोर जास्त मिळतो. १४०० केव्ही ८ इंची प्रॉपवर चांगली चालते. नाकाखाली जागा कमी असेल किंवा मोटर मागं बसवलेलं पुशर विमान असेल तेव्हा ती घ्यावी. तुझ्या विमानाला पुढं चाकं आहेत, १० इंची प्रॉपलासुद्धा जागा आहे. मग बिचकायचं कशाला?

तुझ्या विमानाचाच हिशेब मांडू. ४३० ग्रॅमचा सांगाडा, ५० ची मोटर, २५ चा ईएससी, १८० ची ३ सेल २२०० एमएएच बॅटरी, प्रॉप-अडॅप्टर-वायरी २५. झाले ७१० ग्रॅम. शिकाऊ विमानाला किलोमागं दीडशे वॉट भरपूर होतात, थोड्या कसरती करायच्या तर दोनशेवीसपर्यंत. म्हणजे तुला १०७ वॉटपासून १५५ पर्यंत हवेत. लोडखाली बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास राहते असं धरलं तर १० ते १४ अँपिअर. १००० केव्हीला ९×४.७ (९ इंच व्यास, ४.७ इंच पिच) प्रॉप लावला की साधारण ११ अँपिअर ओढते आणि सहाशे-सातशे ग्रॅमचा जोर देते. ७१० ग्रॅमच्या ट्रेनरला निम्म्या वजनाएवढा जोर मिळाला तरी ते उडतं, त्यामुळं हे पुरून उरेल.

मग सगळेजण १०४५ (१० इंच व्यास, ४.५ इंच पिच) प्रॉप का लावतात? कारण ड्रोनच्या किटमध्ये तो मोटरबरोबर येतो. तो लावला तर जोर आठशेच्या घरात जातो, पण करंट १३ ते १५ अँपिअर होतो. या मोटरीच्या पत्रकावर १२ अँपिअर, ६० सेकंद असं लिहिलेलं असतं आणि सगळ्यात चांगली एफिशियन्सी ४ ते १० अँपिअरच्या दरम्यान. म्हणजे १० इंचीवर पूर्ण थ्रॉटल हे उड्डाणापुरतं, दहा-पंधरा सेकंद. शिकणारं पोर घाबरलं की स्टिक पूर्ण वर दाबून धरतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून पहिल्या दहा उड्डाणांना ९ इंची. हात बसला की १० इंची लाव आणि थ्रॉटल निम्म्यावर ठेवून फिरव.

वेगाचाही एक हिशेब आहे. फेरे गुणिले पिच इंचात गुणिले ०.००१५२४ केलं की ताशी किलोमीटरमध्ये प्रॉपचा वेग मिळतो. ८००० फेरे आणि ४.७ पिच म्हणजे ५७ किलोमीटर. तुझ्या पंखाचं क्षेत्रफळ आणि वजन बघता विमान ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरच्या खाली गेलं की पडेल. प्रॉपचा वेग त्याच्या दुप्पट असावा, तो आहे. जास्त पिचचा प्रॉप लावून वेग वाढवायच्या नादाला आत्ताच लागू नकोस. हातातून सोडतानाचा जोर त्यानं मिळत नाही, नुसता करंट वाढतो.

आपल्या भागासाठी यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. जोराचे छापील आकडे समुद्रसपाटीच्या दाट हवेचे समजून वाच. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. थंडीतल्या सकाळी इथली हवा त्या प्रमाणित हवेपेक्षा आठेक टक्के विरळ असते आणि एप्रिलमधल्या ३५-३६ अंशांच्या दुपारी हा फरक पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. जोर त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे पत्रकावर ८०० ग्रॅम लिहिलं असेल तर दुपारी मनात ६८० धर. कोकणात उतरून मालवणच्या किनाऱ्यावर तेच विमान नेलंस तर ते जरा लवकर उचलेल. विरळ हवेत करंट कमी लागतो, पण मोटर थंडही कमी होते, त्यामुळं त्यात फायदा मोजू नये.

७७५ बद्दल. ती ब्रशची डीसी मोटर, ड्रिल आणि छोट्या फवारणी पंपांसारख्या कामांची. तिचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तुझ्या विमानाचा सगळा सांगाडा ४३० ग्रॅमचा आहे! नाकात एवढं वजन आलं की तोल जुळवायला शेपटीत वजन टाकावं लागेल आणि विमान किलोच्या वर जाईल. एवढं वजन तेवढ्याच पंखावर म्हणजे पडायचा वेग वाढला, उतरण्याचा वेग वाढला, आणि प्रत्येक उतरण्यात काहीतरी मोडलं. फुकटची मोटर तुला महागात पडेल. तिचा उपयोग करायचाच असेल तर फोम कापायच्या टेबलाला पंखा कर, चांगला चालतो.

वजनावरून एक सांगायचं राहतं. मागच्या वर्षी निपाणीकडून एकजण विमान घेऊन आला होता. मोटर बदलून बदलून थकला होता, विमान जमीन सोडत नव्हतं. हातात घेतल्याबरोबर कळलं. दुकानदारानं फोम बोर्ड म्हणून सनबोर्ड दिला होता, जो जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात. तो पीव्हीसीचा. ५ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर अडीच किलोच्या पुढं भरतो. कागद लावलेला साधा फोम बोर्ड अर्ध्या किलोच्या आसपास आणि डेप्रॉन (बिनकागदाची हलकी फोम शीट) तर त्याच्या निम्म्यानं. त्या पोराला मी मोटर बदलू दिली नाही. त्यानं तेच नकाशे नव्या शीटवर उतरवून पुन्हा कापले आणि ज्या मोटरीला तो शिव्या देत होता तिच्यावरच विमान उडालं. तू बायोफोम घेतलास हे फार बरं केलंस.

पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं नाही? ए२२१२ मी घेतो ती चारशे-पाचशेला मिळते. नावाजलेल्या कंपनीची त्याच मापाची मोटर तिप्पट किमतीला येते. तिचं बेअरिंग चांगलं असतं, कप जास्त नीट तोललेला असतो, एफिशियन्सी थोडी वरची असते. शिकायच्या विमानाला यातलं काही लागत नाही, कारण पहिल्या महिन्यात शाफ्ट एकदा तरी वाकणारच आहे. मोटरीत वाचव. ईएससी मात्र बघून घे. ३० अँपिअरचा असू दे, ११ अँपिअरच्या लोडला तो आरामात राहतो. त्यात बीईसी आहे ना हे बघ, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला ५ व्होल्ट त्यातूनच मिळतील. ३ सेलवर चार छोटे सर्व्हो त्याच्यावर चालतात. ड्रोनसाठी म्हणून विकले जाणारे सायमन-के सॉफ्टवेअरचे ईएससी विमानाला टाळ. त्यांच्यात बॅटरी उतरल्यावर मोटर बंद करायची सोय बऱ्याचदा नसते आणि एका उड्डाणात तुझी अठराशे रुपयांची लायपो कायमची खराब होते. विमानाच्या ईएससीत लो-व्होल्टेज कटऑफ असतो. तो लायपोवर सेट करायचा आणि ब्रेक (थ्रॉटल शून्यावर आलं की प्रॉप रोखणारी सोय) बंद ठेवायचा.

बॅटरी नवीच घे. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून पॅक करायचा विचार खूप मुलं करतात. ते सेल दोन-तीन अँपिअर द्यायला केलेले, ११ अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं आणि हवेतच ईएससी मोटर बंद करतो. २२०० एमएएचमधले ऐंशी टक्के वापरायचे, सरासरी ८ अँपिअर धरले तर तेरा मिनिटं निघतात. पण सुरुवातीला रिमोटच्या टायमरवर आठ मिनिटं लाव. आणि आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत, खानापुरात तर जास्तच, पावसामुळं विमान बाहेर निघत नाही. त्या चार महिन्यांत बॅटरी पूर्ण भरून कपाटात ठेवू नकोस, फुगते. सेलमागं ३.८ व्होल्टवर आणून ठेव आणि मधून मधून मोजत राहा.

मोटर हातात आली की विमानात बसवायच्या आधी दहा मिनिटं तिला दे. कप हातानं फिरव, चुंबकांचे टप्पे सारखे जाणवले पाहिजेत, कुठं घासता कामा नये. मग तीनपैकी दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून फिरव, ब्रेक लागल्यासारखा जड लागेल. तिन्ही जोड्या अशा बघ. एखादी जोडी हलकी लागली तर कुठली तरी फेज तुटलेली आहे, परत पाठव. मल्टिमीटरनं कुठलीही वायर आणि मोटरचं अंग यांच्यात कंटिन्युइटी बघ, ती नसली पाहिजे. खालच्या बाजूला शाफ्टच्या खाचेत छोटी सर्कलिप (शाफ्ट धरून ठेवणारी कडी) असते, ती नीट बसलेली आहे ना बघ, नाहीतर कप प्रॉपसकट पुढं निघून जाईल.

तुझ्या कॉलेजात लेथ असेलच. मग केव्हीसुद्धा स्वतः मोजता येते. शाफ्ट चकमध्ये धर, मोटरचा बूड हातात स्थिर ठेव, वायरी आधी टेपनं एकत्र बांधून चकपासून लांब घे, सैल बाही वर सरकव आणि लेथ १००० फेऱ्यांवर चालव. दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोज. १००० केव्हीची असेल तर ०.७ व्होल्ट दिसेल, १४०० ची असेल तर ०.५, २२०० ची असेल तर ०.३२ च्या आसपास. व्होल्टेजला १.४१४ नं गुणायचं आणि आलेल्या आकड्यानं फेऱ्यांना भागायचं, एवढाच हिशेब. एकदा माझ्याकडं ऑनलाइन मागवलेली मोटर आली, कागदावर १००० लिहिलेलं, मीटर ०.५ दाखवत होता. लेथवर लावली नसती तर १० इंची प्रॉप लावून जाळून बसलो असतो आणि दोष मोटरीला दिला असता.

बसवताना सगळ्यात जास्त मोटरी ज्या कारणानं जातात ते सांगतो, आणि ते लोडचंही नाही. बुडाला चार भोकं असतात, एका रेषेत १६ मिलिमीटर अंतरावर दोन, दुसऱ्या रेषेत १९ वर दोन, एम३ बोल्टची. त्या भोकांच्या थेट वर तांबं असतं. बोल्ट दोन मिलिमीटर जरी लांब झाला तरी टोक वायंडिंगमध्ये घुसतं, इनॅमल फुटतं आणि शॉर्ट होतो. मी असे कप उघडून दाखवलेत पोरांना: बाकी वायंडिंग नव्यासारखं चकचकीत आणि एका दाताच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. म्हणून मोटरबरोबर आलेला क्रॉस माउंट (फुलीच्या आकाराची बैठक) आणि त्याचेच छोटे स्क्रू वापर. दुसरे लावायचे झाले तर आधी बोल्ट हातानं पूर्ण बसव आणि वायंडिंगच्या फटीतून टॉर्च मारून टोक कुठं आलंय ते बघ. आणखी एक, मोटरच्या वायरी लांब वाटल्या तरी कापू नकोस. स्वस्त मोटरींत बऱ्याचदा वायंडिंगचीच तार बाहेर आणलेली असते, तिच्यावर इनॅमल असतं, ते नीट खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरून जोड चांगला दिसतो आणि हवेत एक फेज तुटते.

माउंट ३ मिलिमीटरच्या प्लायवर बसव आणि प्लाय फोमला इपॉक्सीनं चिकटव. ग्लू गन इथं नको. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ होतो, त्यात मोटरची उष्णता मिळते आणि नाक हळूहळू खाली वाकतं. मोटर दोन-तीन अंश उजवीकडं आणि तेवढीच खाली झुकलेली ठेव, थ्रॉटल दिल्यावर विमान डावीकडं ओढणार नाही.

थ्रॉटल कॅलिब्रेट करताना, रिमोट जोडताना, घरात काहीही तपासताना प्रॉप काढून ठेव. हे विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगतोय. माझ्या डाव्या तर्जनीवर सहा टाक्यांची खूण आहे आणि मोटर याच मापाची होती.

करंट मोजायला एक वॉटमीटर तुझ्या मित्रांनी मिळून घ्या, बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा. कॉलेजातला किंवा वायरमनकडचा साधा क्लॅम्पमीटर बहुधा एसीच मोजतो, बॅटरीच्या वायरीवर लावला तर शून्य दाखवेल आणि तुला वाटेल करंटच नाही. तो मोटरच्या वायरींवर लावून बघायचा मोहही टाळ, त्या फ्रिक्वेन्सीला त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

उडवायला ऊस तुटलेलं रान बघ. उभ्या उसाच्या जवळ नको. दोन वर्षांपूर्वी एकाचं विमान फडात शिरलं. त्याला वाटलं थ्रॉटल देऊन बाहेर काढावं. प्रॉप उसाच्या पाल्यात अडकलेला, मोटर जागच्या जागी थांबलेली. फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला आवर घालतं. थांबलेल्या मोटरीत ते नसतं. उरतो तो वायंडिंगचा रेझिस्टन्स, या मोटरीत ओहमच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा कमी. ११ व्होल्टला तो काय अडवणार? ईएससी आधी गेला, मग मोटर. आम्ही फडात शिरून विमान शोधलं ते वासावरूनच. विमान कुठंही टेकलं, अडकलं, उलटं झालं, की पहिली हालचाल थ्रॉटल शून्यावर. ही सवय पहिल्या दिवसापासून बोटांना लाव.

जागा निवडताना सांबऱ्याच्या बाजूला येऊ नकोस, तिथं विमानतळ आहे आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्रही. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिकडंही नको. तुझ्याकडं भीमगड अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीपासून लांब राहा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघून घे आणि शेतकऱ्याला आधी विचार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ, वारा पडलेला असतो.

मोटर आली की लेथवरचं व्होल्टेज, प्रॉप लावून पूर्ण थ्रॉटलला पाच सेकंदांचा करंट, आणि पहिल्या उड्डाणानंतर मोटरच्या बुडावर बोट किती वेळ ठेवता येतं, एवढे तीन आकडे मला कळव. पाच सेकंद बोट टिकलं तर मोटर बरी आहे. १० इंची प्रॉप लावायचा की नाही ते त्यावरून सांगतो.